रेनकोटातला बोका

बोक्याच्या मुताचा वास ज्याने घेतला नाही, त्याने मला वास म्हणजे काय ते सांगायला येऊ नये. फिनेल, चिघळलेल्या जखमा, दवाखान्यामागचा खड्डा, सगळ्यांचे वास मी घेतलेत. नर्सच्या नोकरीत नाकाला रुमाल लावून चालत नाही. पण माझ्या बोक्याने माझ्या रेनकोटावर जे केलं, त्याच्यापुढे हे सगळं अत्तर म्हणावं लागेल.

ही नव्वदच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. मी मूळची नागभीडची. गडचिरोली जिल्ह्यात नदीकाठच्या एका गावात उपकेंद्रावर माझी नेमणूक होती आणि नदीपलीकडची पाच जंगलगावं माझ्याकडे होती. पावसाळ्यात तिकडे जायचं म्हणजे आधी चिखल तुडवत नदीपर्यंत, मग डोंग्यातून पलीकडे, मग जंगलातून दीड तास पायी. छत्रीचा काही उपयोग नव्हता. एक तर ती फांद्यांना अडकते आणि दुसरं म्हणजे लशीचा डबा, पिशवी आणि छत्री धरायला मला तीन हात नव्हते.

म्हणून भावाने रेनकोट दिला. तो ऊर्जानगरला, वीज केंद्रात कामाला होता. त्याच्याकडे एक जादाचा होता. जाड, आतून रबर लावलेला, माझ्या पार पोटऱ्यांपर्यंत येणारा. घालून निघाले की गावातली पोरं म्हणायची, ताडपत्री चालली. म्हणू देत. आतून मी कोरडी असायची.

आणि बोका. उंदरांनी माझी नोंदवही कुरतडली म्हणून मी एक पिलू आणलं होतं. दूधभात खाऊन वर्षभरात त्याचा हा एवढा बोका झाला. उंदीर सोडून बाकी सगळं करायचा. त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस एक दिवस तो खुंटीकडे पाठ करून उभा राहिला, शेपूट ताठ, नुसती थरथरत होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने रेनकोटावर पिचकारी मारली. मी चप्पल फेकली ती नेम चुकून पाण्याच्या माठाला लागली. पुढच्या आठ दिवसांत त्याने तो कार्यक्रम आणखी तीनदा उरकला. जागा त्याला आवडली होती.

मग मी धुवायला घेतलं. कपड्याची पावडर टाकून घासला. वास तसाच. फिनेल ओतलं, तर फिनेल आणि बोका दोघांचा मिळून असा वास आला की मीच घराबाहेर जाऊन बसले. मग डोक्यात तिडीक गेली आणि कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून कोट त्यात बुडवला. वास काही गेला नाही, उलट पाठीकडचं रबर पापडासारखं फुगून दोन-तीन जागी सुटलं. शेवटी चार दिवस छपराच्या टिनावर कडक उन्हात टाकला. आणि काय आश्चर्य, वास गेला. मी नाक खुपसून खुपसून हुंगलं. काही नाही. जिंकले, असं वाटलं मला.

मला तेव्हा हे माहीत नव्हतं की ते मूत सुकलं तरी जात नाही. त्याचे बारीक कण शिवणीत जाऊन बसतात. कोरडे आहेत तोवर गप्प असतात आणि पाणी लागलं की पुन्हा जागे होतात. आणि रेनकोटाला तर पाणी लागणारच. त्याचा जन्मच त्यासाठी.

आता ज्या घरासाठी हे सगळं सांगते आहे त्या घराकडे येते. नदीपलीकडच्या एका गावात एक बाई आठ महिन्यांची गरोदर होती. वीस-एकवीस वर्षांची, गोंड घरातली सून, बोलायला फार कमी. आदल्या पावसाळ्यात तिचं पहिलं बाळंतपण घरीच झालं होतं. दोन दिवस अडली, मूल तिसऱ्या दिवशी गेलं. या खेपेला तिच्या पायांवर सूज होती, चेहरा भरलेला, आणि रक्तदाब दर भेटीत आधीपेक्षा वाढलेला. तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेणं भाग होतं, तेही नदी भरायच्या आधी. नाहीतर या वेळी मूलच नाही, तीही हातची गेली असती. हे मी त्या घरात तीनदा सांगून आले होते. नवरा तयार होता. तो डोंगा चालवायचा, नदीची त्याला भीती नव्हती. पण घरात चालायचं सासूचं. पन्नाशीची काटक बाई. ती माझं सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पाहू." तिसऱ्या वेळी म्हणाली, "येत्या लशीच्या दिवशी ये. पाठवतो."

तो लशीचा दिवस उजाडला तो धो धो पावसात. आठवडाभर सर्दीने माझं नाक चोंदलेलं होतं. रेनकोट चढवला, नदी ओलांडली, जंगलातून चालत गेले. मला कसलाही वास आला नाही. डोंग्यात सुनेचा नवरा तोंड वळवून बसला होता, ते मला वाटलं पावसामुळे.

गावाच्या तोंडाशीच सासूचा गोठा होता. लोकांच्या सारवलेल्या घरात गळता कोट घेऊन शिरणं मला पटत नाही, म्हणून मी तो गोठ्याच्या मागच्या कुडाला अडकवला आणि आधी चार घरं सोडून एका बाळाला लस द्यायला गेले. लस देऊन होते न होते तोच बाहेर डबे वाजायला लागले. एक माणूस दारात आला.

"नर्सबाई, भायेर नोको निघू. बिबट आला हाय. गोठ्यापाशी मुतून गेला. ताजा वास येऊन राह्यला."

त्या भागात हे लहान पोरालाही कळतं. वाघाच्या मुताला सुवासिक भात शिजत असल्यासारखा वास येतो आणि बिबट्याच्या मुताला घरच्या बोक्यासारखा. मलाही माहीत होतं. तरी माझी ट्यूब पेटली नाही! मी दाराला कडी घातली, बाळाच्या आईला कोपऱ्यात बसवलं, आणि हातात लशीचा डबा घेऊन दुपारपर्यंत भिंतीला टेकून बसले. गुरं सोडली नाहीत. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, ऐन भरात होता, पण बायका अर्ध्या वाटेतून परत आल्या. पुरुष काठ्या घेऊन गावाभोवती फिरत होते, आणि मी आत बसून स्वतःच्या रेनकोटाला भीत होते.

उलगडा केला तो सासूने. तिचं म्हणणं एकच होतं, इतक्या चिखलात बिबट आला आणि त्याचं पाऊल कुठे उमटलं नाही, असं कसं? "वास हाय तं पाऊल काऊन नाई?" म्हणत ती वासाच्या मागोमाग गेली. थोड्या वेळाने ती बांबूच्या टोकावर माझा रेनकोट लटकवून गावाच्या मधोमध आली.

"हे कोनाचं होय?"

मी दारातून पाहिलं आणि मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. कोणीतरी आधी खुसखुसलं आणि मग अख्खं गाव हसायला लागलं. "बिबट्याले बी टोचून दे बाई एक सुई." "बाईनं बिबट पाळला हाय." मला रागच आला. हसताय काय, म्हणून मी ओरडणार होते. पण बोक्याची बाजू घेऊन भांडायचं तरी कसं, हे सुचेना. आणि मग मला गोठ्याच्या बाजूने एक आवाज आला. ती गरोदर सून कुडाला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या पोरीला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं. माझा राग तिथेच निवला.

एकटी सासू हसली नाही. "आजचा रोवणा गेला," ती म्हणाली. "आन तिकडं नदी बी भरली."

नदी खरंच भरली होती. सकाळीच निघालो असतो तर दुपारपर्यंत पलीकडे पोचलो असतो. माझ्या निष्काळजीपणाने तो दिवस खाल्ला होता. ही लाज मला अजून आहे. बोका जनावर आहे, त्याला काय बोलायचं? मी तर शिकलेली होते.

आता पाणी उतरेपर्यंत मी त्या घरात अडकले. संध्याकाळी चुलीपाशी बसून मी सासूला म्हटलं, "बाई, तो कोट मी फेकून देते. उद्या पाणी उतरलं की तसंच निघू."

"फेकाचं काऊन? चांगला जाड हाय. आन सून काय घालन? भर पावसात, भरल्या पोटानं तिले भिजवत नेशील?" ती लाकूड चुलीत सारत म्हणाली. "पर हा वास घेऊन जंगलातून नाई जाचं. खरा बिबट पाहाले येईन, माह्या हद्दीत दुसरा कोन आला म्हनून."

म्हणजे तिने पाठवायचं ठरवलंच होतं. आयुष्यात फार कमी वेळा मला गप्प बसायची अक्कल सुचली आहे, त्यातली ही एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोट ओढ्याकाठच्या दगडावर पसरला. मी गरम पाणी आणि साबण मागितला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेतली पोर झाले.

"गरम पान्यानं वास शिजते आन आत बसते. लेकरानं मुतलेली गोधडी धुतली नाई का कधी?"

नव्हती धुतली. माझं लग्न झालेलं नव्हतं. आधी तिने नुसत्या गार पाण्याने कोट धुतला, इतक्या वेळा की मी मोजणं सोडून दिलं. माझ्या साबणाचा आणि फिनेलचा शेवटचा फेस निघेपर्यंत तिने दुसरं काही लावू दिलं नाही. मग घरातून एक मडकं आणलं. त्यात चार दिवसांची आंबलेली भाताची पेज होती, वर बुडबुडे आलेली. आंबट वासाने माझं चोंदलेलं नाकसुद्धा उघडलं. ती पेज तिने कोटाला आतून-बाहेरून हाताने चोपडली. शिवणीत काडीने भरली. कॉलरच्या घडीत, खिशाच्या तळाला, बाहीच्या दुमडीत, सगळीकडे. मग कोट भिंतीच्या सावलीत ठेवून वर ओलं पोतं टाकलं.

"आता खाऊ दे त्याले."

"कोणाला?"

"पेजेले. ते वास खाते. घासून नाई जात हे, खाऊनच जाते."

पुढे कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरने मला समजावलं की आंबवणातले जंतू मुतातली घाण तोडतात, फिनेलने तेच जंतू मरतात, म्हणून आधी फिनेल धुवून काढणं गरजेचं. त्या बाईला हे कोणी शिकवलं नव्हतं. पाच लेकरांच्या गोधड्यांनी शिकवलं होतं.

मला काही धीर धरवेना. दर तासाला जाऊन पोतं उचलून हुंगायची. तिसऱ्यांदा तिने माझ्या हातावर चापट मारली. "अव, सुकवशील तू त्याले. सुकलं का त्याचं खानं बंद." मग ती स्वतःच येऊन पोत्यावर पाणी शिंपडून गेली आणि माझ्या शेजारी बसली. आणि मग तिने, मी काही विचारलेलं नसताना, सांगायला सुरुवात केली.

"मागल्या साली चार गोधड्या शिवल्या होत्या मी. एकच धुवा लागली. तीन तशाच हायेत." पोत्याचं टोक सारखं करत म्हणाली, "पोरगा म्हने, डोंगा काढतो, नेऊ दवाखान्यात. मीच नाई म्हनली. माह्ये पाची घरीच झाले, म्हनलं हिचं बी होईन. मीच म्हनली."

मी तिचा हात धरला. इतके दिवस मी तिला अडाणी, हेकट म्हातारी समजत होते आणि ती बिचारी वर्षभर हे एकटीने वागवत होती. मला स्वतःचाच राग आला. "पाहू" म्हणताना ती माझं बोलणं उडवून लावत नव्हती. भीत होती ती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरल्याची बातमी आली. पाऊस चालूच होता, पण डोंगा जाईल असं नवरा म्हणाला. कोट रिठ्याच्या पाण्याने धुऊन, उलटा करून वाऱ्यावर टाकलेला होता. मी हुंगला. वास नव्हता. मी पिशवी भरली.

"थांब," सासू म्हणाली. कोरडा वास घेऊन काही कळत नाही हे तिला माहीत होतं. तिने कोटावर तांब्याभर पाणी ओतलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि मग एकेक शिवण नाकाशी धरली. डाव्या काखेपाशी थांबली. "इथी हाय अजून."

मी हुंगलं. होता. अगदी बारीक, पण होता. तिने पुन्हा मडकं आणलं.

मग माझा तोल गेला. सून सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होती, आणि ते वाढत्या रक्तदाबाचं दुखणं असू शकतं हे मला कळत होतं. "काखेतल्या वासासाठी पोरीला मारता का? नदी पुन्हा भरली तर? मला नाही घालायचा तो कोट, असंच निघायचं, आत्ता!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारची बाई कुडावरून डोकावली.

सासूचा आवाज चढला नाही. "जंगलातून हिले घेऊन मी चालनार हाय, आन भिजवत बी नाई नेनार. तू रस्ता सोडून धावशील बिबट आला तं. मी नाई धावनार. दुपारपर्यंत थांब." आणि तिने काखेत पेज भरली.

ती दुपार मी कशी काढली ते मलाच माहीत. सुनेपाशी बसून दर थोड्या वेळाने विचारायची, डोळ्यापुढे अंधारी येते का, पोटात दुखतं का. ती "नाई" म्हणायची आणि माझ्याकडे बघून हळूच हसायची, कारण तिला अजून ते डबे वाजवणं आठवत होतं. सासू ओसरीत बसून सुटलेल्या रबराच्या जागी आणि शिवणींवर मधमाश्यांचं मेण घासत होती. माझ्या कढत पाण्याने झालेलं नुकसान तिने असं निस्तरलं, तेही मला एक शब्द न बोलता. दुपारी तिने काख धुतली, पाणी ओतलं, वाट पाहिली, हुंगली. मग कोट माझ्या नाकापुढे धरला. ओल्या रबराचा वास आणि जरासा मेणाचा. दुसरं काहीच नव्हतं.

कोट सुनेला घातला. पोटावर बटणं लागेनात, तर सासूने स्वतःच्या लुगड्याची पट्टी फाडून बांधला. मी डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेतली आणि चिंब भिजले, त्याचं मला काही वाटलं नाही. पुढे सासू, मध्ये सून, मागे मी. दीड तासाच्या वाटेला तीन तास लागले. वाटेत एकदा सून थांबून झाडाला टेकली, तेव्हा सासू तिला गोंडीत काहीतरी सांगत होती. मला त्यातला "येर" एवढाच शब्द कळला, म्हणजे पाणी. मी बाटली पुढे केली. डोंग्यात ती मधोमध बसली, तिचा नवरा वल्हवत होता. अलीकडे आलो, जीप मिळाली, आणि दिवस मावळायच्या आत तालुक्याच्या दवाखान्यात तिला खाटेवर झोपवलं.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की आणखी एक-दोन दिवस गेले असते तर आकडी आली असती. त्यांनी औषधं सुरू केली, पाच दिवस तिला ठेवून घेतलं. सहाव्या दिवशी सकाळी तिला मुलगी झाली. वजनाला कमी, पण आवाज असा की वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या. मी रडले. नर्सने रडू नये म्हणतात, म्हणोत बापडे.

सासूने नातीला मांडीवर घेतलं. बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग मान वर न करता तिने मला विचारलं, "मागल्या साली इथी आनलं असतं तं तो बी जगला असता का?"

मला खोटं बोलता आलं असतं. कोणाला काय सांगता येतं बाई, देवाच्या हातात असतं, असं आम्ही दहा वेळा म्हणतो. पण तीन दिवस मी त्या बाईच्या घरचं जेवले होते.

"बहुतेक जगला असता," मी म्हटलं.

तिने मान हलवली. रडली नाही. नातीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाली, "मंग गावात सांगा लागन मले." रोवणा राहिला होता म्हणून ती दुसऱ्या दिवशी आमच्या आधीच एकटी परत गेली.

आठवड्याभराने मी बाळ-बाळंतिणीला घेऊन त्या गावात पोचले. सासूच्या ओसरीत तिच्याशेजारी आणखी दोन गरोदर बाया बसल्या होत्या. त्यांतली एक तर एरवी मला पाहिलं की मागच्या दाराने शेतात निघून जायची. दोघींच्या जवळ कपड्यांची गाठोडी बांधून तयार होती.